हात न हलवता

शारजात अल मजाजला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे गृहस्थ तोंडापेक्षा हातांनी जास्त बोलतात. पार्किंगची तक्रार सांगता सांगता त्यांनी एकदा लिफ्टमध्ये माझा चष्मा उडवला होता. त्यांच्या मुलीला शाळेतल्या आयरिश मिस तिकडचा नाच शिकवतात. त्यात पाय नुसते भिरभिरतात, हात मात्र अंगाला चिकटलेले. "जरा हात हलला की मार्क खलास, साहेब!" हे सांगताना त्यांनी माझी भाजीची पिशवी पाडली.

शाळेच्या स्पर्धेला मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. मुलगी स्टेजवर येताच त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. पोरीचा नाच संपला, पहिला नंबरही तिचाच आला. हॉल टाळ्यांनी दणाणला, तरी हे आपले हातांवरच बसलेले. डोळ्यांतलं पाणी गालांवर आलं, तेसुद्धा पुसेनात. शेवटी तीच स्टेजवरून ओरडली, "बाबा, इट्स ओव्हर! यू कॅन क्लॅप नाऊ!"

त्यांनी हात मोकळे केले आणि पहिल्याच टाळीला माझा चष्मा पुढच्या रांगेत जाऊन पडला.