सदलग्याचा निळा खडा

पल्लवीला कॉलेजात रसायनशास्त्र घ्यायचंय आणि आमच्या घरात ते कोणालाच नकोय, म्हणून मायलेकी सदलग्याला निघालो. तिथं मिस्टरांची आत्या राहते. सगळे तिला आक्का म्हणतात. धातू आणि क्षारांवर, म्हणजे असेंद्रिय रसायनशास्त्रात, डॉक्टरेट मिळवणारी आमच्या भागातली पहिली बाई. "काय काय सोसलंत ते हिला सांगा, म्हणजे नाद सुटेल," असं मी फोनवर बजावलं होतं.

बेळगाव स्टँडवर महाराष्ट्राची गाडी उभी होती, ती सोडली. कर्नाटकाच्या साध्या बसला तिथल्या पत्त्याचं आधार दाखवलं की बायकांना तिकीट पडत नाही. जाणार असाल तर लक्षात ठेवा. पण ती बस येता येईना. शेवटी एकदाची मिळाली, काकती गाव मागं पडलं तरी पल्लवीची कटकट चालूच: "आई, पैसे वाचले, पण उन्हात मी वाळले गं!" निपाणीत गाडी बदलली. माझा सोमवार, म्हणून केळी घेतली. तीही कच्ची.

आक्कानं सांगितलं, पण भलतंच. प्रयोगशाळेत सगळे पुरुष, हिला चहा टाकायला सांगायचे; हिनं कोबाल्टचे रंगीबेरंगी क्षार करून दाखवले. साहेबानं हिचं संशोधन स्वतःचं म्हणून वाचायला घेतलं, तर ही भर सभेत उठली, "पुढचं मी सांगते." पोरगी आ वासून ऐकतेय! मी वैतागून देवघरात गेले.

कोनाड्यात मुठीएवढा निळाशार खडा. मला वाटलं, देवच. पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, निळं तीर्थ ओंजळीत घेतलं, तोच आक्का ओरडली, "अगं पिऊ नको! मोरचूद हाय, विष!"

निवृत्तीनंतर तिनं द्रावणात ठेवून ठेवून वाढवलेला स्फटिक तो. माझ्या पाण्यानं विरघळून त्याच्या कडा बोथट झालेल्या.

"मग देवाशेजारी ठेवायचा कशाला?" मी हात घासत विचारलं.

"गार जागा म्हणून. तुझ्यासारखी भक्तीण येईल, हे न्हाय सुचलं." मग हळूच म्हणाली, "आता डोळं साथ देत न्हाईत. परत कोण वाढवणार?"

"मी," पल्लवी म्हणाली.

"लई दिवस लागतील, पोरी."

"लागू देत."

घरी गॅसवरचं दूध उतू घालवणारी ही पोरगी, दोऱ्याला बांधलेला खडा श्वास रोखून द्रावणात सोडत होती. मी बघत राहिले.

परत एकटीच आले. मिस्टर दारातच, "समजावलं का आक्कानं? पल्ली कुठाय?"

"तिथंच ठेवून आले," मी म्हणाले. "तुम्ही उद्या कॉलेजात जाऊन तिची फी भरा."