मी रेघ मारलेला विषय

निलंग्याच्या बाजारात माझं कापडाचं दुकान आहे. कापड मापायचा गज हातात धरला की माझ्यासारखा माणूस चार तालुक्यांत नाही, असं मी मानतो. लोकही मानतात, निदान दुकानात बसलेले असेपर्यंत. नात्यात कुणाचं लग्न जुळवायचं असो की कुणाच्या पोरीला कॉलेजात घालायचं असो, सल्ला माझाच.

मेहुण्यानं बेंगळुरूला घर बांधलं. वास्तुशांतीला बायको-मुलीला घेऊन नांदेडहून विमानानं जायचं मी ठरवलं आणि महिनाभर प्रत्येक गिऱ्हाईकाला ते सांगितलं. निघायच्या दिवशी पहाटे स्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलवाल्या शिवमूर्तीनं टॉवेल-टोपी देऊन मला हार घातला. माझी बायको शिवकांता बाजूला उभी होती. म्हणाली, "विमानात बसायचंय, निवडणुकीला उभं न्हाई राहायचं." हार मी नांदेडपर्यंत काढला नाही.

विमानतळाच्या काचेतून विमान दिसत होतं. पोळ्याला धुतलेल्या बैलासारखं पांढरं, उन्हात शांत उभं. तासाभरानं काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, फेरी रद्द. पायलटच्या ड्यूटीची वेळ संपली, बदलीला दुसरा नाही, कंपनीकडं पायलटच कमी पडताहेत.

मी पुढं झालो. "बाई, आमच्या डेपोत ड्रायव्हर आजारी पडला तर दुसऱ्याला झोपेतून उठवून आणतेत. तुम्ही बघा की कुणाला उठवून."

"काका, तसा उठवून आणला तर त्या विमानात तुम्ही बसाल का?"

तेवढ्यात माझी मुलगी अक्षरा पुढं आली. वीस वर्षांची, मुळात अबोल. डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा दोनदा देऊन दोन्ही वेळा मागं राहिली, तेव्हापासून तर जास्तच.

"मॅडम, पायलट व्हायला काय लागतं?"

"बारावीला फिजिक्स आणि गणित. मग पुढचं ट्रेनिंग."

अक्षरानं माझ्याकडं पाहिलं. काही म्हणाली असती तर बरं झालं असतं.

चार वर्षांमागं लातूरला अकरावीचा फॉर्म भरताना तिनं गणित लिहिलं होतं. तिला त्याची गोडी होती. पण पोरीला लातुरात ठेवायचं म्हणजे डॉक्टरच करायचं, हे मला रांगेतल्या बाकीच्या बापांइतकंच पक्कं ठाऊक होतं. गणिताचं उगाच ओझं कशाला. खिशातलं पेन काढून मी त्या विषयावर रेघ मारली, कापडावर खडूनं मारतो तशी सरळ. माझं बघून आणखी दोघा बापांनी आपल्या पोरांचं गणित खोडलं. त्या वेळी मला अभिमान वाटला होता.

परतीच्या एसटीत शिवकांतानं शेंगापोळीचा डबा उघडला. लातूर आल्यावर अक्षरा म्हणाली, "आई, मुक्त शाळेतून गणित एकटं देता येतंय. ट्रेनिंगचं पुढं बघू. पण शिकवणार कोण?"

"मी," शिवकांता म्हणाली.

मी हसलो. ती हसली नाही. "उदगीरला बारावीच्या गणितात शंभरात शहाण्णव होते मला. तुम्ही कधी विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई."

पंचवीस वर्षं मी त्या बाईला गज कसा धरायचा ते शिकवत आलो होतो.

निलंग्यात उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. शिवमूर्ती दारातच उभा. "मालक, बेंगळुरू लई लवकर उरकलं की."

"पायलट कमी पडले."

"आता वो? पुढं बी कमीच पडतेत का काय?"

एरवी मी तासभर बोललो असतो. "मला ठाऊक न्हाई," म्हणालो. चहा गाळता गाळता थांबून शिवमूर्तीनं माझ्याकडं पाहिलं, ताप आलेल्या माणसाकडं बघावं तसं.

आता मी दुकान लवकर बंद करतो आणि घरी भाकरी थापतो. आत मायलेकी वर्तुळाची समीकरणं सोडवत असतात. माझी एकही भाकरी अजून गोल झालेली नाही.

परवा परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. अक्षरानं पेन मागितलं. मी टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं, आणि परसात जाऊन उभा राहिलो.