आजीच्या शेजारची जागा

माझी आजी देवभोळी होती असं कोणी म्हणालं की मी लगेच दुरुस्त करते. भोळी ती मुळीच नव्हती. देवाशी तिचं बोलणं रोखठोक असायचं, आणि त्या बोलण्यात मला शिरकाव नव्हता. त्यामुळे आयुष्यात सगळ्यात आधी मला हेवा वाटला तो देवाचा.

आम्ही पांढुर्ण्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. वडील स्टेशनवर तारबाबू होते, आजोबा त्याच लाइनवर फायरमन होते. आजी कामठीची. लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, स्टेशन आहे म्हणजे चर्चही असणार. चर्च नव्हतं आणि चर्चची घंटाही नव्हती, म्हणून दुपारची प्रार्थना ती स्टेशनच्या घंटेवर म्हणू लागली. गाडी लेट झाली की प्रार्थना लेट. शेजारच्या काकू चिडवायच्या, "काय व आजी, आज तुमचा देव कुठं अडकून राहिला?" आजी म्हणायची, "सिग्नल भेटला नाही त्याले." दोन मुलं तिने याच गावच्या मातीत पुरली, पुढे नवराही. तरी संध्याकाळी जपमाळ हातात घेतली की तिचा चेहरा माहेरी निघालेल्या बाईसारखा व्हायचा. माझ्याकडे पाहताना तो तसा होत नसे, हे मी बरोबर टिपून ठेवलं होतं.

महिन्यातून एकदा सकाळच्या पॅसेंजरने आमल्याहून फादर यायचे आणि आमच्या पुढच्या खोलीत मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, व्हायची. सौसरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई त्यासाठी आदल्या दिवशीच बसने मुक्कामाला येत. आजीचा सगळा महिना त्या एका सकाळसाठी असायचा. त्या वर्षी माझं पहिलं कम्युनियन ठरलं, म्हणजे फादरांच्या हातून पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायचा. आजीने कबूल केलं होतं की त्या दिवशी मी तिच्या शेजारी गुडघे टेकायचे. ती आणि मी, बाकी कोणी नाही. निदान एका सकाळी तरी आजी आणि देव यांच्यात मला जागा मिळणार होती.

तेवढ्यात राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि राजधानी भोपाळला गेली. मोठी माणसं त्यावर तावातावाने बोलायची. माझ्यापुरता त्याचा अर्थ एवढाच, की नागपूरच्या सचिवालयात कारकून असलेल्या काकांची भोपाळला बदली झाली, तिथे क्वार्टर मिळेना, आणि त्यांनी आपली मुलगी आमच्याकडे आणून ठेवली.

ती माझ्याच वयाची होती. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, गळा गोड, मिस्सेतली लॅटिन उत्तरं तोंडपाठ. आईच्या आठवणीने रडायची, म्हणून आजी तिला कुशीत घेऊन झोपायची. ती कूस माझी होती. तिचंही पहिलं कम्युनियन व्हायचं होतं. आजी म्हणाली, "दोघींचं संगच करून टाकू," आणि आपल्या लग्नात डोक्यावरून घेतलेला जाळीचा वेल तिने मधोमध कापला. पिवळट डाग असलेला अर्धा तुकडा माझ्या वाट्याला आला. आजी म्हणाली डाग नाही, पण होता. वर चुलतबहीण मला म्हणते कशी, "तुझ्यावर किती छान दिसतो." कुणी चांगलं वागल्याचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही.

त्या काळी मध्यरात्रीनंतर पाण्याशिवाय काही पोटात गेलं की कम्युनियन घेता येत नसे. त्या थंडीच्या सकाळी आम्ही दोघी पांढरे फ्रॉक घालून बसलो होतो आणि गाडीचा पत्ता नव्हता. वडील स्टेशनवरून सांगत आले, "पॅसेंजर तिगावलेच उभी हाय. पुढं मालगाडीचं इंजिन फेल झालं." ऊन अंगणात आलं, शेजारून फोडणीचा वास आला. मी दात आवळून बसले. चुलतबहीण मात्र पांढरीफटक पडली, पाणी प्यायली तेही उलटलं. नर्सबाईंनी तिची नाडी पाहिली आणि म्हणाल्या, "हिला काहीतरी खायला द्या, नाहीतर पडेल ही."

आजीने एक संत्रं सोललं. मला इतका आनंद झाला की तो दिसू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं. आता आजीच्या शेजारी मी एकटीच असणार होते.

पण चुलतबहीण तोंड उघडेना. "मी खाल्लं तर मला एकटीलाच मागे बसावं लागेल," एवढंच म्हणत राहिली.

आजीने हातातल्या फोडीकडे पाहिलं आणि ती आपल्याच तोंडात टाकली.

"अहो आजी, तुमचा उपास," नर्सबाई म्हणाल्या. आजीने सावकाश चावून ती गिळली, आणि दुसरी फोड पोरीच्या तोंडाशी धरली. "आता दोघी मांगं बसू आपण," ती म्हणाली. पोरीने खाल्लं.

दुपार व्हायच्या आत गाडी आली. मी चटईवर गुडघे टेकले. माझ्या शेजारी नर्सबाई होत्या, त्यांच्या साडीला दवाखान्याचा वास येत होता. फादरांनी जिभेवर प्रसाद ठेवला तेव्हा माझे कान मागे लागले होते. स्वयंपाकघराच्या दाराशी आजी बसली होती आणि मांडीवरच्या डोक्यावर हळूहळू थोपटत होती.

संध्याकाळी मी तिला विचारलंच, "तू काऊन खाल्लं?"

"तुह्यासंग देव होता न, बाई. तिच्यासंग कोण होतं?" ती म्हणाली आणि जपमाळ घ्यायला उठली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

चुलतबहीण पुढे भोपाळलाच राहिली. आम्ही लग्नाकार्यात भेटतो, आणि ती दरवेळी माझ्याकडे बोट दाखवून लोकांना सांगते, "हिला त्या दिवशी मिळालं हो, मीच राहिले." सांगताना तिचे डोळे भरतात. देव काय, पुढच्या महिन्यात त्याच पॅसेंजरने परत आला आणि तिलाही मिळाला. पण माणसासाठी देवाला थांब म्हणताना आजीला मी जन्मात एकदाच पाहिलं, आणि ते माणूस मी नव्हते.