टेक्सासमधले चार उपास

सिंगापूरमध्ये राहून माणसाला अंतराची अक्कल राहत नाही. बिशानच्या आमच्या फ्लॅटमधून निघालं की तासाभरात बेट संपतं, समुद्र लागतो. त्यामुळे टेक्सासमध्ये सकाळी गाडीत बसलो, दुपारी जेवायला उतरलो, पुन्हा बसलो आणि संध्याकाळीही टेक्सासच चालू होतं, तेव्हा मी चक्क वैतागलो. बायको मागच्या सीटवरून म्हणाली, "अरे, बघायलाच आलोय ना? मग बघ की." तिचं बरोबर होतं. त्या सबंध प्रवासात तिचंच बरोबर होतं, आणि मी एकदाही ऐकलं नाही.

झालं असं होतं की ऑफिसने मला दोन आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी ह्यूस्टनला पाठवलं होतं. ते संपताना बायकोही तिकडे आली आणि पुढचा आठवडा आम्ही फिरायला ठेवला. सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक अमेरिकन सहकारी बसायची. तिचे आईवडील टेक्सासमध्येच गुरं पाळून राहत होते. तिने हॉटेलचा विषयच काढू दिला नाही. चार दिवस आईबाबांकडेच राहायचं, असं तिने परस्पर ठरवून टाकलं.

म्हातारा सत्तरीचा, उंच, एका पायाने जरा लंगडणारा, बोलायला कमी. हॅट फक्त जेवताना आणि माझ्या बायकोशी बोलताना काढायचा. चार दिवस त्याने आम्हाला स्वतःच्या ट्रकमधून हिंडवलं. सॅन अँटोनियोची जुनी दगडी चर्चेस दाखवली. फोर्ट वर्थला नेलं, तिथे लांबलचक शिंगांच्या गाई विटांच्या रस्त्यावरून ऐटीत चालत जातात आणि माणसं दोन्ही बाजूंना उभी राहून त्यांना वाट देतात. एका गावात लाकडी हॉल होता, तिथे त्याच्या वयाची जोडपी बूट घालून नाचत होती. त्यानेही आपल्या म्हातारीला घेऊन दोन नाच केले आणि घाम पुसत आमच्या शेजारी येऊन बसला. घरी आल्यावर गुरांवर उमटवायचा त्यांच्या घराण्याचा लोखंडी ठसा दाखवला. तो लाल तापवून कातडीवर टेकवतात हे ऐकून माझ्या बायकोने तोंड फिरवलं. मग गोठ्यात एका वासराच्या पाठीवरून तिने हात फिरवला आणि सवयीने तो कपाळाला लावला. म्हाताऱ्याने ते पाहिलं.

आता जेवणाचं सांगायला हवं. टाळत होतो, पण त्यासाठीच लिहायला बसलोय.

पहिल्या संध्याकाळी म्हातारीने टेबलावर मोठं पातेलं आणून ठेवलं. राजम्याच्या जातीचे फिकट दाणे, टोमॅटो घालून शिजवलेले. सोबत मक्याच्या पिठाचा पाव. तुमच्यासाठी केलंय, यात मांस नाही, असं तिने दोनदा सांगितलं. पण माझा स्वभाव मुळातच संशयी. मांस आज नसेल, पण काल या पातेल्यात काय शिजलं असेल? घर गुरं पाळणाऱ्यांचं. ऑफिसच्या पार्ट्यांमध्ये मी कुठल्या भांड्यातलं काय काय खाल्लंय ते बायकोला माहीत होतं, आणि तिने माझ्याकडे तसंच पाहिलं. तरी मी पोटावर हात ठेवला आणि म्हणालो, प्रवासाने बिघडलंय.

खोलीत गेल्यावर बायको म्हणाली, "विचारून तरी बघ, भांडी वेगळी आहेत का म्हणून."

"विचारलं तर त्यांना वाईट वाटेल," मी म्हणालो.

प्रवासासाठी मुद्दाम घेतलेला एवढासा विजेचा कुकर आमच्या बॅगेत होताच. आपण मराठी माणसं स्वर्गात जायची वेळ आली तरी सोबत मेतकूट आणि चिवडा घेऊन जाऊ. त्या रात्री बाथरूमच्या फरशीवर बसून आम्ही मेतकूट-भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, आज आमचा उपास आहे. तिसऱ्या दिवशीही उपास. म्हातारीने फक्त मान हलवली आणि न उघडलेलं पातेलं पुन्हा फ्रिजमध्ये ठेवलं. बायको मात्र माझ्याशी बोलेनाशी झाली.

चौथ्या संध्याकाळी मला नुसत्या भाताचा कंटाळा आला. मुगाची खिचडी करू म्हटलं, आणि वर फोडणी हवी म्हणून हट्ट धरला. कुकरमध्ये तूप, मोहरी, दोन लाल मिरच्या. मिरच्यांचा धूर झाला आणि छतावरची धुराची घंटा अशी कोकलायला लागली की कानाला दडे बसले. दार उघडलं तर समोर म्हातारा. अंगणातून धावत आलेला, चिखलाचे बूट तसेच, हातात आग विझवायचं लाल नळकांडं. आणि आम्ही दोघं खाली बसलेलो, मध्ये कुकर, माझ्या हातात चमचा. उपासाचा दिवस.

त्याने हॅट काढली, माझ्या बायकोकडे बघून माफी मागितली आणि दार हळूच ओढून घेतलं.

सकाळी कोणी त्याचा उल्लेखही केला नाही. फक्त बाथरूमच्या दाराशी एक छोटं टेबल आणून ठेवलेलं होतं, खाली बसून रांधायला लागू नये म्हणून. मला तो टोमणा वाटला. आम्ही त्याच दुपारी निघालो.

सिंगापूरला परतल्यावर मी या सगळ्याचा किस्सा केला. चांगला रंगायचा. एका रविवारी इथल्या ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर आमच्या मराठी मंडळींची सहल होती, तिथे फर्माईश झाली. मी पाण्याची बाटली नळकांड्यासारखी धरून, एक पाय ओढत, म्हाताऱ्याची हुबेहूब नक्कल केली. लोक पोट धरून हसत होते. तेवढ्यात सायकलच्या रस्त्यावरून माझी सहकारी आली. मला पाहून थांबली. कोणीतरी तिला बटाटेवडा दिला, बसायला जागा केली. काय चाललंय म्हणून तिने हसत विचारलं, आणि मी म्हणालो, तुझ्या आईबाबांचंच कौतुक चाललंय.

ती खूश झाली. वडा खात सगळ्यांना सांगायला लागली. आईने म्हणे आम्ही येणार म्हणून कुठेकुठे वाचून काढलं होतं. मांस शिजलेल्या भांड्यातलं काहींना चालत नाही हे कळल्यावर ती लांबच्या गावी जाऊन नवी पातेली, नव्या थाळ्या, नवे चमचे घेऊन आली. जुनं सगळं धान्याच्या कोठारात हलवलं. चार दिवस त्या घरात मांस शिजलं नाही. बाबांनी सबंध आयुष्यात असं पहिल्यांदाच केलं, असं सांगून ती हसली.

आमच्यातलं कोणी हसलं नाही. माझ्या हातात ती बाटली अजून होती. मी ती खाली ठेवायलाही विसरलो होतो. बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि समुद्राकडे मान वळवली. त्या क्षणी मला इतकी लाज वाटली की उठून पळून जावं असं झालं.

मग सहकारी जरा ओशाळून म्हणाली, "आईने एक विचारायला सांगितलं होतं, मीच विसरत होते. दाण्यांमध्ये काय चुकलं? खरं सांग. पुढच्या वेळी तिला नीट करायचंय."

हीच वेळ होती. समोर दहाबारा माणसं होती, ज्यांच्यापुढे मी आत्ताच तिच्या बापाची नक्कल केली होती. चुकलं काहीच नव्हतं, मी चाखलंच नव्हतं, एवढंच म्हणायचं होतं.

"मीठ जरा कमी होतं," मी म्हणालो.

तिने तिथेच फोन काढून आईला लिहिलं. तिकडे पहाट, गुरांकडे जायची वेळ. म्हातारी जागीच असणार, कारण उत्तर लगेच आलं. सहकारीने ते मला वाचून दाखवलं. पुढच्या वेळी मीठ बघून घालीन, आणि खरं सांगितल्याबद्दल त्याचे आभार मान, असं तिने लिहिलं होतं.

पुढे त्या सहकारीची बदली झाली. पुढची वेळ आली नाही. आता म्हातारीला पत्र लिहावं असं कितीदा मनात येतं, तिचा पत्ताही माझ्याकडे आहे. ते न लिहिता मी हे लिहिलं, आणि तेही मराठीत, कारण तिला हे वाचता येणार नाही याची मला पक्की खात्री आहे.