मानेतला गोरसपाक

"मानेच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर साचलाय. हृदयाचीही तपासणी करू," सावंगीच्या डॉक्टरांनी सांगितलं. साखर, रक्तदाब आणि सुटलेलं पोट माझ्याकडे आधीपासून होतंच. बायकोचा चेहरा पडला. "वर्षभर बिनतेलाचं रांधून राह्यली मी. माह्यं कुठं चुकलं?"

कुठं चुकलं ते मला ठाऊक होतं. माझ्या आर्वीच्या बहिणीसाठी ती दर महिन्याला माझ्याजवळ तुपातल्या गोरसपाक बिस्किटांचा डबा द्यायची आणि मी तो एसटीतच संपवायचो.

पुढच्या खेपेला ती सोबत आली. डबा तिच्याच मांडीवर होता. बहिणीने तो उघडला.

"वयनी, दादानं गोरसपाक पयल्यांदाच आणला."

बायकोने माझ्या तोंडाकडे नाही, मानेकडे पाहिलं. "तुमचे आजवरचे सारे डबे," ती म्हणाली, "ह्यायच्या मानेत जमा हायेत."