भाऊजींच्या जागेवर आता हे बसत्यात

भाऊजी दारूनं गेलं न्हाईत.

आज वरीस झालं, तरी गावात तेच बोलत्यात. म्हणून लिवतेय. चुकलंमाकलं समजून घ्या, माझी सातवीच झालीया.

भाऊजी म्हंजी आमच्या ह्यांचे थोरले भाऊ. आमच्या विट्याकडची लय माणसं गलाईला परमुलखात जात्यात, तसं ते तमिळनाडूत गेलं. जुनं सोनं ॲसिडात घालायचं, आटवायचं, चोख करून सोनाराला द्यायचं.
एवढीशी खोली. खिडकी न्हाई.

त्यांची पोरगी राणी तिकडंच जन्मली, तिकडंच शिकली. औंदा सांगलीत बीएस्सीला आलीया. मराठी बोलाय लागली की आमची गल्ली हसती, मद्राशीण म्हणती. ती बी हसती.

परवा तिचा कॉलेजातनं फोन आला.
"काकी, बाबांचं ते ॲसिड हितं प्रॅक्टिकलला हाय."
"मग?"
"काचेच्या कपाटात ठेवत्यात. वर फॅन हाय, धूर बाहेर वडायला. मी तोंड जवळ न्हेलं तर सर लय वरडले."



भाऊजी त्याच धुरावर वाकून बसायचे. गूळ खाल्ला की धूर बाधत न्हाई म्हणायचे. समदीच गलाईवाली म्हणत्यात.
शेवटाला त्यांना बोलताना बी दम लागायचा. तवा त्यांनी आमच्या ह्यांना तिकडं बोलवून आपल्या जागेवर बसवलं. दुकानाचा मालक म्हणाला टीबी. गाव म्हणालं दारू. थेंबाला शिवला न्हाई तो माणूस.

राणीच्या फोनपासनं एकच डोक्यात फिरतंय.
दुसऱ्यांची पोरं भट्टीपाशी खेळायची. राणीला भाऊजींनी कवाच आत येऊ दिलं न्हाई. जेवणाचा डबा बी ती दाराबाहेर ठेवायची. आमी म्हणायचो, पोरीला लय जपत्यात.

भाऊजी, तुमाला ठाऊक हुतं का?

ठाऊक हुतं, तर मग आमच्या ह्यांना का बसवलं आत?

काल हे फोनवर खोकलं. इचारलं तर म्हणाले, "एसीची हवा लागली."
त्या खोलीत एसी कुठला?

आज मालकानं तुमच्या फोटोला हार घातला. ह्यांनी मला फोटो धाडला. मी हार न्हाई बघितला. मागची भिंत बघितली. धुरानं पार तांबडी-पिवळी झालीया, आन् तिच्या पुढ्यात हे बसल्यात, हसत.

बाळ आठ म्हयन्याचं हाय. बापाला अजून मोबाईलमधीच बघतंय.

भाऊजी, तुमच्या पाया पडते. तुमच्यावर राग हाय का न्हाई, मलाच कळंना.
पर ह्यांना मी माघारी आणणार. पुढच्या वर्षी त्या भिंतीवर दुसरा फोटो नको.

जावा आता. तिकडं तरी मोकळा श्वास घ्या.