चेंडू नेमका पडला कुठे?

फीत लावून मोजल्याशिवाय जगातल्या कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या सासरी निघाला. माझ्या बायकोचे मामा. उभी नोकरी कोयनानगरला धरणाच्या मोजणीत गेलेली, निवृत्तीनंतर विश्रामबागेत घर. तिथली कुंपणाची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत चार बोटं गेलीय हे यांनीच शोधून काढलं. भिंत यांचीच! शेजारी बिचारा "राहू द्या हो" म्हणत होता, पण यांनी ती पाडून पुन्हा बांधली. मामी म्हणायच्या, आमच्या लग्नात पत्रिका कोणी पाहिली नाही, माझी उंची तेवढी दोनदा मोजली.

नव्वद-पंच्याण्णवच्या सुमारास या माणसाला बेसबॉलनं झपाटलं. खेळ जन्मात पाहिलेला नाही. आमच्याकडे तो पाहिला तरी कोणी होता? मागे एका हौशी शिक्षकानं मामांच्या गावातल्या कॉलेजात संघ काढला होता, एवढंच. ती मुसळासारखी बॅट बघून लोक हसायचे. पण त्या संघात विट्याचा एक दांडगा गडी होता आणि त्यानं शेवटच्या सामन्यात मारलेला चेंडू मैदानाबाहेर गिरणीच्या पत्र्यावर पडला, असं मामांना दाढी करताना न्हाव्यानं सांगितलं. झालं! अर्ध्या दाढीनिशी उठले नाहीत हेच नशीब. त्या गड्यावर पुस्तिका लिहायची ठरली. मात्र अंतर पक्कं झाल्याशिवाय एक ओळही लिहायची नाही, असा पण. माझा तो पहिला दिवाळसण. लोक जावयाला अंगठी देतात, मला फितीचं दुसरं टोक मिळालं.

बरं, साक्षीदार एक असेल तर! गिरणीवाला म्हणाला, पत्र्यावर नाही, पुढच्या चिंचेत अडकला. चिंचेखालच्या सायकलवाल्या चाचांनी तो चिंचेवरून गेलेला पाहिला होता. एका काकूंच्या कुरडयांच्या वाळवणात तो पडला होता आणि एका निवृत्त शिपायानं तर त्याला थेट रेल्वेच्या रुळापलीकडे नेलं. सगळे शपथेवर. मी दर रविवारी साताऱ्याहून यायचं, टोक धरायचं, मामांनी चुन्याची फक्की टाकून खूण करायची आणि घरी येऊन ती नकाशावर चढवायची. अशा सात खुणा झाल्या आणि मामांचं जेवण निम्म्यावर आलं. "जावईबापू, यातलं कोणी खोटं बोलत नाही हो," ते म्हणाले, "हाच तर घोळ आहे."

मग कळलं, तो गडी जत्रेला गावी आलाय. खेळ सोडून तो मद्रासकडे सोनं वितळवून शुद्ध करायच्या, गलाईच्या दुकानावर गेला होता. आम्ही एसटीनं विटा गाठलं. पोट सुटलेला, बोटांवर ॲसिडचे डाग, पण खांदे अजून दाराएवढे. मामांनी बसल्या बसल्या विचारलं, चेंडू कुठे पडला?

तो ओशाळला. "आवं, मला काय ठावं? त्या खेळात मारलं की पळायचं असतंय. मी खाली मुंडी घालून पळत हुतो." मग त्यानंच विचारलं, "कुठं पडला वो?"

सामना झाला आणि त्याच आठवड्यात बापानं त्याला दुकानावर धाडलं होतं. विचारायचं राहूनच गेलं, म्हणाला. मद्रासला सांगायचं कुणाला, आणि त्यांना कळायचं काय!

मामांनी खुणांचा नकाशा उलगडला. तो त्यावर वाकला. "ह्यातली खरी कुठली?"

मामा आता 'एकही नाही' म्हणणार, मला खात्री होती. मामांनी चष्मा काढला, पुसला, परत पुसला.

"सातही," ते म्हणाले.

मग तो एकेका खुणेवर बोट ठेवत गेला आणि तिथं कोण उभं होतं ते मामा सांगत गेले. गिरणीवाला, चाचा, काकू, सगळे. सातवी झाल्यावर त्यानं बोट उचललं नाही.

"एवढी माणसं बघत हुती व्हय?"

त्याचे डोळे भरले होते. मामांनी नकाशाची घडी घालून त्याच्या हातात दिली. त्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती, हे मला ठाऊक होतं.

पुस्तिका कधी झाली नाही. मामाही आता नाहीत. त्या दिवशी परतीच्या एसटीत मी त्यांच्या शेजारी बसलो होतो आणि मला त्यांचा फार अभिमान वाटत होता. पण सासरच्या माणसाला असं तोंडावर कसं सांगायचं, म्हणून गप्प राहिलो.